निरगुडीची काठी

आमच्या घरात दाराच्या मागे एक काठी उभी असते. माझ्या खांद्याइतकी उंच, अंगठ्याएवढी जाड, आणि वरच्या बाजूला हाताच्या घामाने व तेलाने काळीभोर झालेली. घाटकोपरला भटवाडीत आमची दहा बाय बाराची खोली आहे. तिथे माणसांना पाय पसरायला जागा नाही. पण या काठीची जागा मात्र कायमची ठरलेली. पाहुणे आले की चपला हलतात, पाण्याचा पिंप हलतो, माझी पुस्तके तर माळ्यावरच जातात. काठी कधी हलली नाही. लहानपणी मला वाटे, जशी प्रत्येक घरात छत्री असते तशी ही असणार. शेजारच्या घरी गेल्यावर मी दाराच्या मागे डोकावून पाही आणि मला नवल वाटे की यांच्याकडे काठी कशी नाही!

काठी आजीची. आजी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली. कोयनानगरच्या बाजूला डोंगरात आमचे गाव. दादा, म्हणजे माझे वडील, माथाडीच्या कामाला मुंबईत आले आणि त्यांच्या मागोमाग काही वर्षांनी आजीही आली. येताना तिने एक ट्रंक, एक जाते आणि ही काठी आणली. जाते केव्हाच गेले. काठी राहिली.

ती निरगुडीची आहे. कोकणातली माणसे निगडी म्हणतात. पुण्याजवळ निगडी आहे, सांगली-साताऱ्याकडेही त्या नावाची गावे आहेत. ओढ्याच्या काठाला, शेताच्या बांधाला, कुंपणाला हे झुडूप आपले आपण वाढते. पानाला बोटांसारखी तीन किंवा पाच पाती, वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुले बारीक, जांभळट-निळी. वास उग्र. गुरे त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला चांगले. फांदी खोचली तरी जगते. धान्याच्या कणगीत पाला घातला तर कीड लागत नाही, असे आमच्याकडे सगळ्याच बायका सांगतात. मुका मार लागला, सांधे धरले, पाय सुजला, तर पाला गरम करून बांधायचा. घाटकोपर स्टेशनजवळच्या आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात तिचे तेल बाटलीतून मिळते. आजीने ते एकदा हुंगून पाहिले आणि म्हणाली, "यात निरगुडी कमी, बाटलीच जास्त."

एवढे झाले पाल्याचे. लाकडाचे काम निराळे. आजीच्या मते निरगुडीच्या काठीच्या वाटेला साप जात नाही आणि "बाहेरचं" काही उंबरा ओलांडत नाही. बाहेरचे म्हणजे काय हे तिने कधी उलगडून सांगितले नाही. काठी कुठल्याही निरगुडीची चालत नसे. आदल्या दिवशी झाडापाशी सुपारी ठेवून "उद्या न्यायला येते" म्हणून सांगून यायचे. न सांगता तोडली तर ती नुसते लाकूड. दर अवसेला ती काठीला तेलाचे बोट लावी. आणि माझ्या परीक्षेच्या दिवशी, अगदी चौथीपासून बारावीपर्यंत, ती मला उंबऱ्यात उभी करी, काठी अंगाला न टेकवता डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवी, टोक उंबऱ्यावर एकदा आपटी आणि म्हणे, "जा आता. मागं बघू नको."

मी मागे बघत नसे. दहावीला मला ७८ टक्के मिळाले तेव्हा आईने पेढे देवापुढे ठेवले आणि आजीने एक पेढा काठीपुढे ठेवला. आमच्या घराण्यात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिली. त्यामुळे श्रेय कोणाचे यावर फारशी चर्चा झाली नाही!

कॉलेजात आल्यावर मात्र माझे डोळे "उघडले". अवतरणचिन्हे मी मुद्दाम घातली आहेत. प्रथम वर्षाला अंधश्रद्धेवर निबंध होता. त्यासाठी मी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुस्तके वाचली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली तेव्हा मी शाळेतही जात नसेन किंवा नुकतीच जाऊ लागले असेन. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो मी ग्रंथालयात बसून वाचला. त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरणाऱ्या बारा गोष्टी दिल्या आहेत, आणि त्यांतली पहिलीच गोष्ट आहे भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणे, काठीने किंवा चाबकाने मारणे. मी ते वहीत उतरवून घेतले. निबंधाला बक्षीस मिळाले. निबंधात मी लिहिले होते की अडाणी समाज अजूनही झाडपाल्यांत शक्ती पाहतो. "अडाणी समाज" हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा होता हे आता लपवण्यात अर्थ नाही.

प्रथम वर्षाच्या परीक्षेच्या दिवशी मुलुंडला राहणारी माझी एक मैत्रीण मला घ्यायला घरी आली. दोघींचे सेंटर एकच होते. मी निघाले, तशी आजी काठी घेऊन उठली. मैत्रीण दारात उभी. माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. मी म्हणाले, "आजी, हे अडाणीपणाचे प्रकार आता बंद कर. मी कॉलेजात जाते."

आजी काही बोलली नाही. काठी परत दाराच्या मागे ठेवली. मैत्रीण चांगल्या घरची, तिने ऐकले नाही असे दाखवले. जिना उतरताना ती म्हणाली, "अगं, राहू द्यायचं होतंस. आमच्याकडेपण करतात." मला वाटले, ती आपली समजूत काढते आहे.

पुढे तिच्या धाकट्या भावाच्या मुंजीला मी गेले. मुलुंडचाच हॉल, सनई, पंगत, सगळे छान होते. पण माझे लक्ष एका गोष्टीवर खिळले. गुरुजींनी त्या आठ वर्षांच्या मुलाच्या हातात एक काठी दिली! पळसाची. मैत्रिणीचे आजोबा मला समजावून सांगू लागले, की हा ब्रह्मचाऱ्याचा दंड, विद्या शिकायला जाणाऱ्याचे रक्षण करतो. नंतर मी मनुस्मृतीचे भाषांतर काढून दुसरा अध्याय पाहिला. कोणाला कोणत्या लाकडाची काठी ते तिथे नेमून दिले आहे. ब्राह्मणाला बेल किंवा पळस, क्षत्रियाला वड किंवा खैर, वैश्याला पिलू किंवा उंबर. उंचीसुद्धा दिली आहे. पहिल्याची केसांपर्यंत, दुसऱ्याची कपाळापर्यंत, तिसऱ्याची नाकापर्यंत. चौथ्याला काठी नाही. मुलीला कोणत्याच वर्णात नाही.

म्हणजे शिकायला निघालेल्या पोराला झाडाची काठी देऊन पाठवायचे ही गोष्ट हॉलमध्ये सनईच्या सुरात झाली तर संस्कार, आणि भटवाडीच्या उंबऱ्यात झाली तर अडाणीपणा. हे मला त्या पंगतीत बसून, जिलेबीचा घास तोंडात असताना कळले. घरी जाऊन आजीला सांगावे असे वाटले. सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करीत गेले. गेल्या श्रावणात आजी वारली.

दहाव्याला गावी गेलो होतो. रात्री सगळे निजल्यावर आत्या आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी आत्याला सहज विचारले, की आजीने ती काठी आणली कोठून. मला वाटले होते, आत्या सुपारी आणि आमंत्रण वगैरे सांगेल. आत्या बराच वेळ गप्प राहिली.

११ डिसेंबर १९६७. त्या दिवशी पहाटे, साडेचार वाजायच्या आत, कोयनेचा भूकंप झाला. भूगोलाच्या पुस्तकात तो आम्हाला होता. धरणामुळे भूकंप होतो की नाही या वादात त्याचे नाव जगभर घेतले जाते हेही आम्ही शिकलो होतो. दोनशेच्या आसपास माणसे गेली. त्यांत आमच्या घरची एक होती हे मला कोणी सांगितले नव्हते. आजीची पहिली मुलगी, सात महिन्यांची. भिंत पडली ती पाळण्यावर. आजी दाराच्या बाजूला निजली होती म्हणून वाचली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

त्यानंतर आजी बोलेना. नुसती बसून राही. कुठे भांडे पडले तरी थरथर कापे, रात्री उठून घराबाहेर पळे. महिन्या-दोन महिन्यांनी घरच्यांनी ठरवले, की हिला धरले आहे. देवरुषी आणला. त्याने तीन अवसा तिला निरगुडीच्या ओल्या फोकाने मारले. घरचीच माणसे धरून ठेवीत. आत्याने हे आपल्या चुलतीकडून ऐकलेले. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. "आणि मग," आत्या म्हणाली, "मारून झालं की तुझ्या पणजीनं त्याच झुडपाचा पाला आणून शेकायचा. अंग सुजायचं ना."

"आणि काठी?"

"तिसऱ्या अवसेला तिनं त्याच्या हातातला फोक धरला. सोडीचना. चार बाप्यांनी वढला तरी सोडला नाही. मग तो म्हणाला, गेलं भूत."

दाराच्या मागची काठी म्हणजे तो फोक नव्हे. फोक कोवळा, तो कधीच वाळून मोडला असणार. पण पुढच्या वर्षी आजी स्वतः ओढ्यावर गेली, सुपारी ठेवून आली, आणि दुसऱ्या दिवशी चांगली जाड काठी तोडून घेऊन आली. त्या दिवसापासून तिने ती हातची सोडली नाही. आत्याचे म्हणणे असे, की नंतर कोणाची तिच्या अंगाला हात लावण्याची छाती झाली नाही.

मी वहीत उतरवून घेतलेल्या अनुसूचीतली ती पहिली बाब! माझ्या बक्षीसपात्र निबंधात ती होती आणि आमच्याच घरात दाराच्या मागे उभी होती. १९६८ साली असा कायदा नव्हता. आजीकडे कायदा नव्हता, डॉक्टर नव्हता. भूकंपातून वाचलेल्या माणसाचे मन असे हादरते, त्यावर उपचार असतात, हे सांगणारे कोणी नव्हते. तिच्यापाशी होते ते झुडूप. देवरुष्यावरचा माझा राग या लेखात मावणार नाही. आणि फोकाने भूत गेले असेही मी मानत नाही. पण आजीला अडाणी म्हणायचे असेल तर आता मला आधी बराच विचार करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी मी दादांना विचारले, की तुम्हाला हे ठाऊक होते का. ते "थोडं थोडं" म्हणाले आणि विषय बदलायला म्हणून का काय, आपलीच गोष्ट सांगू लागले. ही गोष्ट मी अर्धवट ऐकली होती. दादा तिसरीत असताना त्यांना तेराचा पाढा येईना. शाळेच्या कुंपणाला निरगुडीच होती, आणि मास्तरांचा नियम असा, की ज्याला मार खायचा त्यानेच कुंपणाचा फोक तोडून आणायचा. बारीक आणला तर दुप्पट. दादा फोक आणायला म्हणून उठले, कुंपणापाशी गेले, फोक तोडला, आणि तसेच कुंपणातून पलीकडे निघून गेले. रात्रभर डोंगरात होते. आजी कंदील घेऊन शोधत गेली. सापडल्यावर तिने मारले नाही, पायातले काटे काढले आणि पाला बांधला. शाळेत परत जा असेही म्हणाली नाही. दादा म्हणाले, "तिला फोक म्हटलं की पुढं बोलताच यायचं नाही. तवा मला वाटलं, म्हातारी माझ्या बाजूची हाय. आता वाटतं, दामटून पाठवायला पायजे होतं."

फोक आणायला उठलेला तो मुलगा अजून वर्गात परतलेला नाही. आज तो वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती उचलतो. माझ्या प्रवेशाच्या दिवशी दादा माझ्याबरोबर आले होते, आणि फाटकापासच्या चहाच्या टपरीवर उभे राहिले. "तू जाऊन ये. मी हाय हितं." मला तेव्हा वाटले, त्यांना कपड्यांची लाज वाटते.

मुंबईला परतल्यावर मी या झुडपाच्या मागेच लागले. संस्कृतच्या सरांना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, "तुझी निरगुडी म्हणजे आमचा सिंदुवार!" कालिदासाच्या कुमारसंभवात, तिसऱ्या सर्गात, पार्वती वसंतातल्या फुलांचे दागिने घालून शंकरापुढे येते, तेव्हा तिच्या गळ्यात मोत्यांच्या जागी याच फुलांची माळ आहे. आजीला हे कळले असते तर ती काय म्हणाली असती? बहुधा, "त्या फुलाला वास कुठं हाय?"

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी तिचे शास्त्रीय नाव सांगितले, व्हायटेक्स निगुंडो, आणि ही झाडे आता तुळशीच्या कुळात धरतात असे सांगितले. तुळस अंगणात आणि निरगुडी कुंपणाला, कूळ एक! इतिहासाच्या मॅडमनी सांगितलेली हकीकत मात्र ऐकून मी गप्पच झाले. याच जातीचे एक झुडूप ग्रीस देशात होते, त्याला तिकडे लिगॉस म्हणत. स्पार्टा नगरात आर्टेमिस ऑर्थिया नावाच्या देवीची लाकडी मूर्ती होती. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो, की ती मूर्ती या झुडपाच्या जाळीत, त्याच्या फांद्यांनी वेढलेली सापडली, आणि याच देवीच्या वेदीपाशी स्पार्टाच्या तरुण पोरांना रक्त येईपर्यंत फटके मारीत. झुडूप, देवी आणि फटके तिथेही एकत्रच!

माझा भाऊ हॅरी पॉटरचे सिनेमे पाहतो. त्यात प्रत्येक पोराची एक छडी आणि प्रत्येक छडीचे लाकूड ठरलेले. नायकाची होलीच्या लाकडाची. हे त्या लेखिकेने हवेतून काढलेले नाही. स्कॉटलंडमध्ये रोवन नावाचे झाड घराजवळ लावीत, तोडणे अशुभ मानीत, आणि त्याच्या दोन काटक्यांची फुली लाल दोऱ्याने बांधून दारावर किंवा गोठ्यात टांगत, म्हणजे चेटकिणीची बाधा होत नसे. लाल दोरा आमच्याकडेही आहेच. भावाला मी हे सांगितले तर तो दाराच्या मागची काठी घेऊन मंत्र म्हणू लागला. आईने दोघांनाही ओरडून ठेवले.

भाऊ काठी फिरवीत होता तेव्हा माझ्या मनात आले, की त्या सिनेमात छडी ज्याच्या त्याच्या हातात असते. आमच्याकडे ती आधी दुसऱ्याच्या हातात आली. देवरुष्याच्या हातात होती तेव्हा लाकूड हेच होते. मास्तरांच्या हातात होती तेव्हाही हेच. आजीने ती आपल्या हातात घेतली आणि मग आयुष्यभर, मारण्यासाठी म्हणून एकदाही, कोणावर उगारली नाही. माझ्यावरून उतरवतानाही ती अंगाला टेकू देत नसे. केवढी काळजी घेई! मला तेव्हा वाटे, हा मंत्राचा काही नियम असेल.

दिवाळीत दादा गावी गेले होते. येताना शाळेच्या कुंपणाची एक फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. कुंपण आता नाही, तारेचे झाले आहे, पण कोपऱ्यात एक झुडूप उरले आहे म्हणाले. आम्ही ती रंगाच्या रिकाम्या बादलीत माती घालून गॅलरीत लावली. महिन्याभरात तिला तीन कोंब फुटले. चाळीतल्या एका मावशींचे गुडघे धरतात, त्या येऊन पाला न्यायच्या गोष्टी आतापासूनच करू लागल्या आहेत. आईची तक्रार आहे की कपडे वाळत घालायला जागा राहिली नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी रात्री दादांना वाचून दाखवला. त्यांना रात्रपाळीला जायचे होते. डबा हातात घेऊन उभ्याउभ्याच त्यांनी सगळा ऐकला. आजीचा भाग आला तेव्हा ते दाराबाहेर पाहत होते. पुढे शाळेचा भाग आला. माझे वाचून संपले तरी ते काही वेळ तसेच थांबले, आणि मग चपला घालताना म्हणाले, "त्यात मास्तरचं नाव नाही ना घातलं? नको घालू. म्हातारा झाला असंल आता."

मी म्हणाले, "नाही घातलं."

"मग दे छापायला," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.